पगारपत्रकावर पीएफ, पासबुकात काहीच नाही: पेट्रोलिंग ड्रायव्हरचा अनुभव

गोव्यात एखाद्या सिक्युरिटी एजन्सीत पेट्रोलिंग गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागणार असाल, तर आधी हे वाचा. डिचोली, सत्तरी, पेडण्यातल्या आणि पलीकडे दोडामार्ग-सावंतवाडीच्या पोरांसाठी मुद्दाम लिहितोय. २०१२ला आणि परत २०१८ला खाणी बंद पडल्या, तेव्हापासून आमच्याकडचे कितीतरी ड्रायव्हर मिळेल त्या गाडीवर बसतात. माणूस गरजू आहे हे समोरच्याला पहिल्या भेटीतच कळतं.

काम असं. बार्देशात आसगाव, हणजूण, शिवोली या पट्ट्यात दिल्ली-मुंबईवाल्यांचे बंगले आहेत, त्यातले बरेच एरवी कुलूपबंद. प्रत्येक गेटवर राखणदार परवडत नाही, म्हणून मालक मिळून एजन्सीची फिरती गाडी लावतात. ड्रायव्हरने रात्रभर फेऱ्या मारायच्या, गेटवरचा क्यूआर कोड मोबाईलवर स्कॅन करायचा, कुलूप हलवून बघायचं, आत उजेड दिसला तर कंट्रोलला कळवायचं. स्कॅन चुकला की पैसे कापले. पावसात स्टिकर सोलून निघाला तरी पैसे कापले. ड्युटी बारा तासांची, कागदावर आठ. तरी टिकून राहिलो, कारण पगार यायचा आणि पगारपत्रकावर पीएफ आणि ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, दिसायचं. लहान मुलं असलेल्या माणसाला त्याचा केवढा आधार वाटतो!

ते पगारपत्रक कसं होतं ते सांगतो. मूळ पगार १५,०००, भत्ते धरून १८,०००. पीएफ १,८००, म्हणजे मूळ पगाराचे बरोबर १२ टक्के. ईएसआय १३५, म्हणजे एकूण पगाराचे ०.७५ टक्के. हिशेबात कुठेही बोट ठेवायला जागा नाही. पण ‘पीएफ क्रमांक’ या रकान्यात एजन्सीचा कोड आणि पुढे माझा हजेरी नंबर. तिथे खरं तर यूएएन हवा, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक, आणि तो बारा आकडी असतो. वेर्ण्याच्या कारखान्यात होतो तेव्हाचा माझा यूएएन मी कामावर लागतानाच लिहून दिला होता. तो इथे का नाही म्हणून विचारलं की ऑफिसातला माणूस म्हणायचा, “पात्रांव, लिंक व्हायला वेळ लागतो, सगळं दिल्लीहून होतं.” पुढच्या वेळी, “पोर्टल बंद आहे.”

पावसाळ्यात एका रात्री आसगावच्या उतरणीवर गुरं आडवी आली. त्यांना वाचवताना गाडी गटारात गेली आणि माझं मनगट मोडलं. ईएसआयच्या दवाखान्यात पगारपत्रकावरचा नंबर दाखवला, तर त्या नंबराची नोंदच नाही. शेवटी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात, हात बसवून घेतला. पोलिसांनी गाडीचे कागद मागितले तेव्हा आणखी एक गोष्ट बाहेर आली. गाडी एजन्सीच्या नावावर नव्हतीच, भलत्याच माणसाच्या नावावर होती, आणि विमा संपलेला. विनाविमा गाडीसाठी चालवणाराही कायद्याने जबाबदार धरला जातो: पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपये दंड किंवा दोन्ही. चावी हातात देतील त्या दिवशीच एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका, विम्याची तारीख तिथे दिसते.

घरी पडून होतो तेव्हा मुलीने पीएफचं पासबुक उघडून दिलं. शेवटची नोंद वेर्ण्याच्या कारखान्याची, त्यानंतर काहीच नाही. माझे १,८०० दर महिन्याला कापले गेले होते आणि पुढे पोचलेच नव्हते. मालकाचा हिस्साही अर्थातच नाही. ही साधी थकबाकी नव्हे. कामगाराच्या पगारातून पीएफ किंवा ईएसआय कापून तो न भरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली फौजदारी विश्वासघात ठरतो. मालकाने पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. म्हणून दुसरा पगार हातात आला की उमंग ॲपवर पासबुक बघा. ऑफिसातल्या माणसाच्या तोंडी उत्तरावर एक महिनाही काढू नका.

मी अडकलेला पगार आणि पीएफचे पैसे मागितले तेव्हा एजन्सीवाल्यांनी एक व्हाउचर पुढे केलं. त्यावर माझी सही, आणि वर ‘ॲडव्हान्स ४०,००० रुपये मिळाले’. कामावर लागताना अर्जांच्या गठ्ठ्यात कोरं व्हाउचर सरकवून ती सही घेतलेली. त्याच गठ्ठ्यात प्रशिक्षण पूर्ण केल्याचा दाखलाही होता. केंद्राच्या आदर्श नियमांत सुरक्षा रक्षकाला वर्गात १०० तास आणि प्रत्यक्ष ६० तास प्रशिक्षण सांगितलंय. आम्हाला एक तासही मिळालं नाही. ओरिजिनल लायसन्सही ‘व्हेरिफिकेशन’साठी ठेवून घेतलं होतं, ते परत मिळवायला पोलिसांत जावं लागलं. झेरॉक्स द्या, डिजिलॉकरमधलं दाखवा, ओरिजिनल कुणाच्या हाती देऊ नका. खाजगी सुरक्षा एजन्सींसाठीच्या २००५च्या कायद्याप्रमाणे एजन्सीने आपला परवाना ऑफिसात ठळक जागी लावलाच पाहिजे. भिंतीवर तो दिसला नाही तर तिथूनच मागे फिरा.

एजन्सीचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण चालू आहे. पणजीला पाटोवर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात गेलो. ठेकेदाराने पगार बुडवला तर ज्याच्याकडे काम चाललं त्या मूळ मालकावर जबाबदारी येते, हे तिथल्या अधिकाऱ्यांनी समजावून सांगितलं. बंगलेवाल्यांच्या संघटनेला नोटीस गेली आणि अडकलेला पगार मिळाला. जादा तासांचे पैसे आणि पीएफ अजून बाकी आहेत. ड्युटी बारा तासांची होती हे दाखवायला क्यूआर स्कॅनचे स्क्रीनशॉट उपयोगी पडले, त्यावर तारीख आणि वेळ असते. तुम्हीही ते काढून दुसऱ्या फोनवर ठेवा, कारण नोकरी सुटली की कंपनीचं ॲप त्याच दिवशी बंद होतं.

पीएफ कार्यालयात माझ्या तक्रारीवर चौकशी सुरू आहे. एका माणसाची तक्रार असली तरी अशा चौकशीत सगळ्या कामगारांचं हजेरीपुस्तक मागवता येतं. बार्देशात नाईट केलेल्या ज्यांच्याकडे जुनी पगारपत्रकं असतील त्यांनी ती फाडून टाकू नका. पासबुक उघडून ताडून बघा, आणि जुळलं नाही तर दोन्हींच्या प्रती घेऊन पाटोवर पीएफ कार्यालयात या.