हुमणी मारायची की मोलला सापळा लावायचा?

लॉन पोखरलेलं दिसलं की बरेच जण आधी हुमणीचं (गवताची मुळं खाणाऱ्या अळीचं) औषध टाकतात, अळ्या संपल्या की मोल (जमिनीखाली बोगदे करणारा छोटा प्राणी) आपोआप जाईल असं वाटतं, पण मोलचं मुख्य खाणं गांडुळं, त्यामुळे तो बऱ्याचदा तिथेच राहतो. नुसती वर आलेली माती असेल तर सापळाच बरा. बोगदा पायाने थोडा दाबून ठेवा, एक-दोन दिवसांत परत उचलला गेला की तो वापरात आहे, सापळा तिथेच (नियमात बसतो का ते आधी बघा). गवत पिवळं पडून चटईसारखं हातात येतंय, खाली गुंडाळलेल्या पांढऱ्या अळ्या, मग मात्र हुमणीच. त्यासाठी मला निमॅटोड (अळ्या मारणारे सूक्ष्म जंत) आवडतात, अळ्या लहान असतानाच, संध्याकाळी, ओल्या मातीत सोडायचे, ऊन लागलं की हे जंत मरतात.