टोकियोत एकट्याने राहायचं तर कुठे? उएनो, असाकुसा, शिंजुकू आणि कोएंजी

टोकियोचं विमानाचं तिकीट एका बैठकीत काढून होतं, गाडी अडते ती हॉटेलपाशी. शहर एवढं पसरलेलं की नकाशावर कुठेही बोट ठेवा, जवळ स्टेशन असतंच. मी आतापर्यंत तीनदा एकटी गेले. शिंजुकू, असाकुसा, उएनो असे तीन मुक्काम झाले आणि शेवटच्या खेपेला कोएंजीतही चार रात्री काढल्या. पहिल्यांदाच आणि एकट्याने जाणाऱ्याला मी उएनोच सांगेन. पण प्रत्येकाला ते मानवेल असं नाही, म्हणून चारही भाग शेजारी शेजारी ठेवून बघू.

एरवी एकटं फिरताना आपण दोन गोष्टींचा विचार आधी करतो. रात्री त्या वस्तीत भीती वाटेल का, आणि जेवायला एकटं बसायला अवघड वाटेल का. टोकियोत या दोन गोष्टींवरून भाग निवडायची फारशी गरज नाही. एकट्याने जेवणं तिथे अगदी नेहमीचं आहे. रामेनच्या, म्हणजे नूडल-सूपच्या, कित्येक दुकानांत दाराशीच मशीन असतं, पैसे टाकून कुपन घ्यायचं आणि काउंटरच्या उंच खुर्चीवर बसायचं. शेजारचाही बहुधा एकटाच असतो. कोबान, म्हणजे छोटी पोलीस चौकी, गल्लीबोळांत आणि स्टेशनांबाहेर सगळीकडे दिसते, आणि तिथे लोक खुशाल पत्ता विचारायला जातात.

फरक पडतो तो रात्रीच्या परतीने. दिवसा कुठूनही कुठे अर्ध्या-पाऊण तासात पोचता येतं. पण रात्री साडेअकराला, वीस हजार पावलं चालून पायांचे तुकडे पडलेले असताना, गाडी किती वेळा बदलायची, स्टेशनच्या कुठल्या दाराने बाहेर पडायचं आणि तिथून हॉटेलपर्यंतचा रस्ता कसा आहे, यावर दिवसाचा शेवट ठरतो. दोघं असले की एक नकाशा बघतो, एक बॅग धरतो. एकट्याला दोन्ही करावं लागतं. त्यात टोकियोतल्या गाड्या रात्रभर चालत नाहीत. मध्यरात्रीनंतर एकेक मार्ग बंद होत जातो, एकच्या सुमाराला जवळजवळ सगळं थांबतं आणि पहाटे साडेचार-पाचला पुन्हा सुरू होतं. मधल्या वेळात टॅक्सी हाच उपाय, आणि तिला रात्री १० ते पहाटे ५ या वेळेत २० टक्के जादा पडतात.

शिंजुकू

सगळ्यात जास्त लोक याच भागाबद्दल विचारतात, म्हणून आधी हाच घेते. जगातलं सर्वांत वर्दळीचं स्टेशन म्हणून त्याची गिनीज बुकात नोंद आहे आणि बाहेर पडायची दारं दोनशेहून जास्त आहेत. पहिल्या खेपेला, २०१९मध्ये, मी नारिता विमानतळाहून एक्स्प्रेसने थेट तिथेच उतरले. रात्रीचे दहा वाजले होते. हॉटेल पूर्वेला होतं आणि मी वर आले ती पश्चिमेला. समोर काचेच्या उंच इमारती, रस्ता जवळजवळ रिकामा. फोनवरचा निळा ठिपका रुळांच्या या बाजूहून त्या बाजूला उड्या मारत होता, आणि परत भुयारात शिरले की दिसेनासाच व्हायचा. बॅग उचलून तीन जिने चढले-उतरले. सरळ रेघ ओढली तर हॉटेल चारशे मीटरवर असेल, मला पस्तीस मिनिटं लागली. २०२० साली स्टेशनच्या पोटातून पूर्व-पश्चिम आरपार मोकळी वाट झाली, तेव्हापासून हा त्रास बराच कमी झालाय. तरीही शिंजुकूत बुकिंग करणार असाल तर हॉटेलकडून जवळच्या दाराचा क्रमांक किंवा नाव आधीच विचारून घ्या. ‘स्टेशनपासून ५ मिनिटं’ हे हॉटेलवाले त्या एका दारापासून मोजतात.

स्टेशनच्या दोन बाजू म्हणजे दोन वेगळी गावं आहेत. पूर्वेला काबुकिचो: दिव्यांच्या पाट्या, बार, पहाटेपर्यंत माणसं. काबुकिचोच्या तोंडाशी लाऊडस्पीकरवरून सतत घोषणा चालू असते की गिऱ्हाईक ओढणाऱ्यांच्या मागे जाऊ नका. ती मनावर घ्या. गोडीगोडीने बोलून वरच्या मजल्यावरच्या बारमध्ये नेतात आणि मग अवाच्या सवा बिल हातात ठेवतात, त्यात एकटा माणूस सोपा सापडतो. मला रस्त्यात कुणी हात लावला नाही की वाट अडवली नाही, पण रोज रात्री मान खाली घालून भराभर चालत हॉटेल गाठावं लागणं मला आवडलं नाही. पश्चिमेला मात्र सरकारी आणि ऑफिसच्या इमारती. आठनंतर शांत. महानगर सरकारच्या इमारतीत २०२ मीटर उंचीवरून शहर फुकट बघता येतं, आणि रात्री एकट्याने एखादा तास घालवायला याहून चांगली जागा मला तरी सापडली नाही.

शिंजुकूचा खरा फायदा शहराबाहेर जाणाऱ्याला. दक्षिण दारावर २०१६पासून लांब पल्ल्याच्या बसचं मोठं स्थानक आहे. फुजीच्या पायथ्याला, कावागुचिकोला जाणारी सकाळची बस तिथूनच सुटते. हाकोनेची ओदाक्यू रेल्वेही इथूनच. सहा दिवसांतले तीन दिवस तुम्ही असे बाहेर काढणार असाल, तर शिंजुकूचा पश्चिम भाग घ्या, उएनोच्या नादी लागू नका.

असाकुसा

इथे मी सकाळसाठी राहिले आणि सकाळसाठीच परत जाईन. सेन्सोजी मंदिराचं आवार रात्रंदिवस उघडं असतं, मुख्य गाभाऱ्याची दारं उन्हाळ्यात सहाला उघडतात. दिवसा मंदिरासमोरच्या नाकामिसे बाजारात पाय ठेवायला जागा नसते. पहाटे साडेपाचला त्याच अडीचशे मीटरच्या रस्त्यावर मी आणि कुत्र्याला फिरवणारे एक आजोबा, एवढेच होतो. दुकानांच्या खाली ओढलेल्या शटरवर जुन्या सणांची चित्रं रंगवलेली आहेत, दुकानं उघडी असताना ती कधी दिसत नाहीत. आजोबा मंदिरासमोर थांबले, टोपी काढली, नाणं टाकलं, वाकले आणि कुत्र्याला घेऊन निघून गेले. ही त्यांची रोजची वाट असणार. १९४५च्या बॉम्बवर्षावात जळालेलं हे मंदिर १९५८मध्ये पुन्हा उभं राहिलं. इमारत काँक्रीटची आहे, पण त्या घटकेला ते मनातही येत नाही.

विमानतळासाठीही असाकुसा उत्तम. असाकुसा लाइनच्या गाड्या एका टोकाला हानेदाच्या आणि दुसऱ्या टोकाला नारिताच्या रुळांवर थेट जातात, म्हणजे दोन्ही विमानतळांहून गाडी न बदलता येता येतं. फक्त गाडीच्या पाटीवर शेवटचं स्टेशन वाचून चढायचं, कारण एकाच फलाटावर वेगवेगळ्या ठिकाणच्या गाड्या येतात.

आता अडचणी. असाकुसा यामानोते या गोल मार्गावर नाही. शिंजुकूहून रात्री परत येताना गाडी बदलावीच लागते. शिबुयाहून गिंझा लाइन थेट आहे, पण ती या टोकापासून त्या टोकापर्यंत, पस्तीस मिनिटांची. शिवाय संध्याकाळ लवकर मावळते. बाजार बंद झाला की नदीकाठ, दिवे लावलेलं मंदिर, पलीकडे ६३४ मीटरचा स्कायट्री मनोरा, आणि थोड्या खानावळी. मला ते हवंहवंसं होतं. रात्री दहाला जगाशी बोलावंसं वाटणाऱ्याला मात्र तिसऱ्या दिवशी एकटं वाटू लागेल.

आणि एक खाचखळगा: ‘असाकुसा’ नावाची स्टेशनं एकाहून जास्त आहेत. त्सुकुबा एक्स्प्रेसचं असाकुसा बाकीच्यांपासून चांगलं दहा मिनिटं चालत आहे. हॉटेल नेमक्या कुठल्या असाकुसाजवळ आहे ते बुकिंगआधीच बघा.

उएनो

हॉटेलची खोली म्हणून उएनोत काही खास नाही. उएनो निवडायचं ते येण्या-जाण्यासाठी. नारिताहून केइसेई कंपनीची स्कायलायनर ही जलद गाडी निप्पोरीला ३६ मिनिटांत येते आणि पुढचा थांबा उएनो. सगळ्या जागा आरक्षित, बॅगांना रॅक. ती थांबते ते केइसेई उएनो आणि जेआरचं (जपान रेल्वेचं) उएनो ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, मध्ये रस्ता ओलांडून चार-पाच मिनिटांची चाल. उएनोहून यामानोते मिळते, गिंझा लाइन मिळते, हिबिया लाइन मिळते, उत्तरेकडची शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेनही मिळते. यामानोतेचं वर्तुळ ३४.५ किलोमीटरचं, स्टेशनं ३० आणि पूर्ण फेरीला साधारण तास. एकट्याने फिरणाऱ्याला हा मार्ग फार धीर देतो, कारण उलट्या दिशेच्या गाडीत बसलात तरी उशिरा का होईना, आपल्या स्टेशनवर पोचता. एवढंच लक्षात ठेवा की रात्री उशिराच्या काही गाड्या फेरी पुरी न करता ओसाकी किंवा इकेबुकुरोला संपतात.

दिवसाही इथे पाय मोडायचं कारण नाही. १८७३ पासूनचं सार्वजनिक उद्यान, त्यात राष्ट्रीय संग्रहालय, वास्तुरचनाकार ल कोर्बुझिएने आखलेलं पाश्चात्त्य कलेचं संग्रहालय, शिनोबाझु तळं. पावसाच्या दिवशी आपल्यासोबत कुणी नाही हे संग्रहालयात सगळ्यात कमी जाणवतं, हा माझा अनुभव. सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद असतात, तेवढा दिवस सोडून बेत करा. उत्तरेला चालत गेलं की यानाका. १९२३चा भूकंप आणि युद्धातले बॉम्ब, दोन्हींतून हा भाग बराचसा वाचला, म्हणून गल्ल्या अजून अरुंद आणि घरं बसकी आहेत.

उएनोत रात्रीचा एक पट्टा मला खटकतो. अमेयोको बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत दहानंतर बारसाठी गिऱ्हाईक ओढणारे उभे असतात. काबुकिचोइतका ताप नाही, पण रोज त्यातून जायची हौस कशाला? दुसरं म्हणजे, स्वस्त हॉटेल शोधता शोधता बोट नकळत उगुइसुदानीवर जातं, तिथे स्टेशनच्या एका अंगाला लव्ह हॉटेलांची, म्हणजे जोडप्यांना तासांवर खोली देणाऱ्या हॉटेलांचीच दाटी आहे. धोका नाही, पण रात्री एकटीने बॅग घेऊन तिथे हॉटेल शोधायला मला अवघडल्यासारखं झालं असतं. त्यापेक्षा उएनोच्या पूर्वेला, इनारिचोकडे सरका. गिंझा लाइनवर उएनो आणि असाकुसा यांच्यामध्ये इनारिचो आणि तावारामाची ही दोनच स्टेशनं आहेत. १९२७मध्ये जपानची पहिली भुयारी रेल्वे धावली ती याच तुकड्यावर. सर्वांत जुना मार्ग असल्यामुळे फलाट जमिनीखाली फार खोल नाहीत, बॅग घेऊन वर यायला थोड्याच पायऱ्या. शेजारच्या कप्पाबाशी रस्त्यावर भांड्यांची दुकानं ओळीने आहेत. संध्याकाळी रस्ता निवांत असतो, एका बाजूला वीस मिनिटं चाललं की असाकुसाची पहाट, दुसऱ्या बाजूला उएनोचं स्टेशन. माझ्यापुरतं विचाराल तर टोकियोतली सगळ्यात शहाणी जागा हीच.

कोएंजी

दुसऱ्यांदा जाणाऱ्यासाठी. शिंजुकूच्या पश्चिमेला चुओ लाइनवर काही मिनिटांवर. जुन्या कपड्यांची दुकानं, आठ खुर्च्यांचे बार, सार्वजनिक स्नानगृहं, आणि तिसऱ्या दिवशी ओळख देणारा कॉफीवाला. माणसांशी बोलणं सगळ्यात जास्त इथेच झालं. पण हॉटेलं मोजकीच आहेत. घरातल्या खोल्या भाड्याने मिळतात, त्यांना २०१८च्या कायद्याने वर्षाला १८० दिवसांची मर्यादा आहे, त्यामुळे हवी ती जागा हव्या त्या तारखांना मिळेलच असं नाही. बुकिंग करताना घरमालकाने नोंदणी क्रमांक दिलाय ना ते बघा. आणि शनिवार-रविवारी चुओ लाइनच्या जलद गाड्या कोएंजीला थांबत नाहीत. मी एका शनिवारी रात्री डोळ्यांदेखत स्टेशन मागे जाताना पाहिलं आणि ओगिकुबोहून उलटी आले. सुट्टीच्या दिवशी धीमी गाडीच पकडायची.

शिबुया आणि गिंझा मी मुद्दाम मोजले नाहीत. शिबुया रात्री शिंजुकूइतकंच दमवतं आणि तिथून लांबच्या बस किंवा एक्स्प्रेसची तेवढी सोय नाही. गिंझा सुंदर, पण तिथल्या खोलीच्या भाड्यात उएनोकडे जास्त रात्री निघतील.

खोलीबद्दल थोडं. बिझनेस हॉटेलची सिंगल रूम ११ ते १३ चौरस मीटरची धरून चाला, मोठी बॅग उघडली की चालायला जागा उरत नाही. कॅप्सूल हॉटेलात, जिथे खोलीऐवजी झोपण्यापुरता कप्पा मिळतो, तिथे तर बॅग आत येतच नाही, लॉकरमध्ये जाते. बायकांसाठी वेगळा मजला असतो, पण सगळीकडे नाही, आणि काही कॅप्सूल हॉटेलं फक्त पुरुषांसाठीच आहेत. चेक-इन बहुधा दुपारी तीनला. सकाळी उतरलात तरी काउंटरवर बॅग ठेवून घेतात.

आता ठरवायला बसाल तेव्हा हॉटेलच्या फोटोंआधी एवढं करा. तुमच्या बेतातली सगळ्यात उशिरा संपणारी संध्याकाळ कुठे आहे ते बघा. शिबुयातला एखादा कार्यक्रम असेल, शिंजुकूतलं जेवण असेल. नकाशाच्या ॲपमध्ये तिथून त्या हॉटेलपर्यंत रात्री ११:३० ची वेळ टाका. गाडी एकदाही बदलावी लागत नसेल आणि स्टेशनपासूनची चाल दहा मिनिटांच्या आत असेल, तर भाग कुठलाही असो, ते हॉटेल घ्या. दोन बदल दाखवले तर पुढच्या ठिपक्यावर जा.