शेकोटी की पंधरा आठवड्यांची बैठक?

हिंसाचारातून सावरणाऱ्या गावात समेटाचं काम सुरू करायचं म्हटलं की दोन नमुने हमखास पुढे येतात. एक सिएरा लिओनचा ‘फाम्बुल टॉक’, म्हणजे घरच्यांची बोलणी: यादवी युद्धानंतर गावानं शेकोटीभोवती जमून केलेली. दुसरा रवांडातल्या ब्युंबाला २००५ साली सुरू झालेली सोशिओथेरपी, म्हणजे छोट्या गटात बसून एकमेकांना सावरणं; तिकडचं नाव ‘म्वुरा न्कुवुरे’: तू मला बरं कर, मी तुला.

शेकोटीचं बळ नाकारता येत नाही. रात्री सारा गाव जमतो. ज्याचं घर जळलं तो बोलतो, ज्यानं जाळलं तो सगळ्यांदेखत माफी मागतो. दोनशे गावांतल्या सुमारे २,४०० लोकांची पाहणी २०१६ साली ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात आली. जिथं शेकोटी झाली तिथं माफीची तयारी वाढली, परस्परांवरचा भरवसा वाढला, गावकामाला लोक जास्त पुढे आले. पण त्याच गावांत नैराश्य, चिंता आणि आघाताची लक्षणंही वाढली, आणि ३१ महिन्यांनंतरही ती टिकून होती.

माझं घोडं इथंच अडतं. सगळ्यांसमोर बोलून घरी गेलेल्या बाईशेजारी पुढच्या मंगळवारी कोण बसणार? रवांडात १९९४च्या वंशसंहाराचे खटले गावासमोर चालवणाऱ्या गचाचा न्यायालयांतही साक्षीदारांचे असेच हाल झाले. साक्ष देताना श्वास कोंडणं, अंग थरथरणं याला तिकडे ‘इहाहामुका’ असा शब्दच आहे.

सोशिओथेरपीत दहा ते पंधरा जण, आठवड्यातून एकदा साधारण तीन तास, असे पंधरा आठवडे बसतात. वंशसंहारातून वाचलेले आणि तुरुंगातून सुटलेले एकाच गटात, गट चालवणारे दोन्ही सुलभक त्याच वस्तीतले. क्रम असा: सुरक्षितता, विश्वास, काळजी, आदर, जगण्याचे नवे नियम, आणि आठवणी सगळ्यात शेवटी. १९९४चा विषय पहिल्याच दिवशी काढत नाहीत. माझा कल इकडे आहे तो या क्रमामुळेच.

सोशिओथेरपीसुद्धा बिघडते. सुलभक व्याख्यान झोडू लागला की लोक नुसते माना डोलावतात. सहाव्या आठवड्यात नवा माणूस आणून बसवला की बाकीचे गप्प होतात. भत्ता ठेवला तर लोक भत्त्यासाठी येतात. आणि आत बोललेलं बाजारात पोचलं तर तो गट संपलाच म्हणायचा. शिवाय वेळ फार लागतो: बारा-बारांचे गट धरले, सुलभकांच्या एका जोडीकडे एका वेळी दोन गट दिले आणि वर्षात तीन फेऱ्या केल्या, तरी तीनशे माणसांना चार वर्षांहून जास्त हवीत. प्रेत कुठं पुरलं हे कळायला तर चारचौघांतली कबुलीच लागते. गचाचातून ते पुष्कळांना कळलं.

म्हणून शेकोटी करूच नये असं नाही. गटांच्या फेऱ्या उरकल्यावर करा. बोलणाऱ्या प्रत्येकाला सोबतीची दोन माणसं त्याच्या पसंतीनं निवडू द्या, आणि नंतरचे निदान आठ आठवडे त्याच्या घरी कोण कधी जाणार हे लाकडं गोळा करण्याआधीच ठरवून ठेवा.