पायटेस्ट : टेस्ट फेल झाली की कारण दाखवणारे साधन

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेसोबत, कोड बरोबर चालतो का हे तपासणाऱ्या टेस्ट लिहिण्यासाठी, युनिटटेस्ट हे मॉड्यूल आयते मिळते आणि २००१ मधील २.१ या आवृत्तीपासून ते प्रमाण लायब्ररीत आहे. तरीही नव्या प्रकल्पासाठी मी एमआयटी परवान्याखाली मोफत उपलब्ध असलेल्या पायटेस्टचीच शिफारस करेन, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे टेस्ट फेल झाल्यावर ते देत असलेली माहिती.

युनिटटेस्टमध्ये प्रत्येक प्रकारच्या तुलनेसाठी वेगळी मेथड लक्षात ठेवावी लागते. पायटेस्टमध्ये अट खरी आहे का हे तपासणारे भाषेतले साधे असर्ट विधान पुरते. टेस्टची फाइल इम्पोर्ट होतानाच पायटेस्ट ही असर्ट विधाने आतून बदलून घेते, त्यामुळे दोन याद्या जुळल्या नाहीत तर कितव्या स्थानावरचा घटक वेगळा निघाला आणि दोन्हीकडची मूल्ये काय होती, हे थेट समोर येते. मात्र ही सोय टेस्टच्या फाइलींपुरती आहे. असर्ट एखाद्या मदतनीस मॉड्यूलमध्ये हलवले आणि त्याची वेगळी नोंद केली नाही, तर तपशिलाविना नुसते असर्शनएरर, म्हणजे अट खोटी ठरल्याची सूचना, हाती लागते.

एकच टेस्ट अनेक मूल्यांवर चालवणारे पॅरामेट्राइझ हे मला या साधनातले सर्वांत मोलाचे वैशिष्ट्य वाटते. समजा, १००० किंवा त्याहून अधिक रकमेवर सवलत देणारे फंक्शन आहे. त्याची खरी परीक्षा ९९९, १००० आणि १००१ या मूल्यांवर होते, कारण 'पेक्षा मोठे' आणि 'पेक्षा मोठे किंवा समान' यांतली गफलत फक्त १००० वरच उघडी पडते. ही मूल्ये एकाच टेस्टमधल्या लूपमध्ये घातली, तर पहिल्या अपयशापाशी लूप थांबतो आणि पुढच्या मूल्यांचे काय झाले ते कळत नाही. पॅरामेट्राइझ केल्यास प्रत्येक मूल्याची स्वतंत्र टेस्ट होते व निकालही स्वतंत्र मिळतो.

दशांश अपूर्णांक जवळपास समान आहेत का हे पाहणारे अप्रॉक्सही चोख आहे. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज संगणकात तंतोतंत ०.३ येत नाही, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना त्याचे महत्त्व सांगायला नको.

फिक्स्चरबद्दल, म्हणजे टेस्टची पूर्वतयारी करून देणाऱ्या फंक्शनबद्दल, मात्र माझे मत संमिश्र आहे. टेस्टच्या पॅरामीटरला फिक्स्चरचे नाव दिले की पूर्वतयारी आपोआप हाती येते, आणि फिक्स्चरमध्ये यील्ड या शब्दानंतर लिहिलेली आवराआवर टेस्ट फेल झाली तरी पार पडते, हे उत्तमच. परंतु कॉन्फटेस्ट या सामायिक फाइलमधली फिक्स्चर इम्पोर्ट न करताच मिळत असल्याने, मोठ्या प्रकल्पात नवख्या माणसाला एखादी वस्तू कुठून आली हे शोधत बसावे लागते. त्यातच वेळ वाचवण्यासाठी फिक्स्चरचा स्कोप, म्हणजे त्याची वस्तू टिकण्याची मर्यादा, सेशनपर्यंत (सगळ्या टेस्ट संपेपर्यंत) वाढवला आणि एका टेस्टने ती सामायिक वस्तू बदलली, तर दुसऱ्या टेस्टचा निकाल क्रमावर अवलंबून राहतो. म्हणून बदलू शकणाऱ्या वस्तूंसाठी प्रत्येक टेस्टला नवी वस्तू देणारा मूळचा फंक्शन स्कोपच ठेवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

युनिटटेस्टमध्ये लिहिलेल्या बहुतेक जुन्या टेस्ट पायटेस्ट आहे तशा चालवते, त्यामुळे चालू प्रकल्पातही नव्या टेस्टपासून सुरुवात करून बाकीच्या सवडीने बदलता येतात.