मिनी ग्राइंडर किटचा रिव्ह्यू: वाड्याच्या शहाबादी फरशीवर घराची पाटी कोरली

सोलापुरात बाळीवेशीजवळचा आमचा जुना वाडा पाडला तेव्हा बाकी सगळं गेलं, मी फक्त स्वयंपाकघरातल्या चार शहाबादी फरश्या रिक्षात घालून नवीन घरी आणल्या. आजी जिथं बसून भाकऱ्या थापायची ती फरशी त्यातलीच, मधोमध घासून घासून तुकतुकीत झालेली. तिच्यावरच घराचं नाव कोरायचं ठरवलं, 'सिद्धकृपा'. लेझरवाली ग्रॅनाइटची पाटी दुकानात रेडिमेड मिळते ओ, पण मला हीच फरशी दाराशी पाहिजे होती.

म्हणून ऑनलाइन मिनी ग्राइंडर किट मागवलं, १३० वॅटचं, स्पीड कमीजास्त करायचं चक्र, लवचिक शाफ्ट आणि बिट म्हणजे पुढं बसवायची टोकं, अशा बारीकसारीक शंभर पीसचा डबा, सगळं मिळून १,७०० रुपये. दोन महिने वापरलंय.

मशीन खरंच चांगलंय, त्यातही शाफ्ट. मोटर वर खिळ्याला टांगायची आणि हातात फक्त पेनासारखी दांडी धरायची. दगड ओला ठेवावाच लागतो, नाहीतर बिट तापतं आणि धुरळा उडतो, आणि २३० व्होल्टची मोटर पाण्याजवळ नको, ते या शाफ्टमुळं जमतं. मी स्पंजनं थोडं थोडं पाणी पिळत गेले, पिठासारखा राखाडी गाळ व्हायचा, तो पुसायचा आणि पुढं जायचं. तरीपण एन-९५ मास्क आणि गॉगल लावूनच बसा, दगडाची बारीक पूड छातीत जाणं लई वाईट.

डब्यावर मात्र मी नाराज आहे. शंभर पीसमधे दगडाला चालणारे सहा-सातच, बाकी पॉलिशचे नाहीतर लाकडाचे, आणि त्या सहा-सातांचं डायमंड कोटिंग पण 'सि'ची वेलांटी पूर्ण व्हायच्या आत उडालं, खालचं नुसतं लोखंड दगडावर घसरायला लागलं आणि 'द्ध'च्या वर एक ओरखडा पडला तो पडलाच. शेवटी डायमंड बिटचा वेगळा सेट घेतला, अडीचशे रुपये गेले, तेव्हा काम सरकलं. कस्टमर केअरला फोटो पाठवले, उत्तर नाही.

दगडाचं पण सांगते. शहाबाद आपल्या जवळच, कलबुर्गीच्या पुढं वाडी लाइनला, आणि तिथला हा दगड म्हणजे चुनखडी, तसा मऊ, त्यामुळं हे छोटं मशीन पुरतं. काळ्या पाषाणावर एक संध्याकाळ घालवून बघितलं, नुसता चरा उठला. पण शहाबादीला थर असतात. पाटा-वरवंट्याला टाकी लावून देणारी एक बाई गल्लीत आली होती, तिनं फरशी उभी करून बोटाच्या पेरानं ठिकठिकाणी वाजवली, मधे ठण्ण आणि डाव्या कोपऱ्यात भद्द. म्हणाली, "ताई, इथं बोलत नाही बघ, पापुद्रा सुटलाय, इथं हात लावू नको." मी सगळं नाव दोन इंच उजवीकडं सरकवलं. पुढं पाणी लागल्यावर त्याच कोपऱ्याचा पापुद्रा सुटून आला.

अक्षरं झेरॉक्सवाल्याकडनं मोठी काढून कार्बननं उतरवली. शिरोरेघ आधी कोरली आणि तिथंच चुकले, पहिल्याच जोरात बिट उडी मारतं. आधी हलक्या हातानं नुसती खूण, मग तीन-चार फेऱ्यांत दोन मिलिमीटर खोल, असं करा. 'द्ध' आणि 'कृ'मधल्या बारीक जागांना सगळ्यात छोटं गोल टोकाचं बिट पाहिजे. स्पीड मधलाच ठेवा. खाचांत काळा ऑइलपेंट भरला आणि वरचा ओला असतानाच पुसून काढला. डाग काढायला बाथरूमचं ॲसिड चुकूनही नको, चुनखडीला ॲसिड खातं, गुळगुळीतपणा जाईल.

दोन फूट बाय एक फूट, इंचभर जाड फरशी बारा किलोच्या आसपास भरते, तेव्हा डबल टेपच्या नादी लागू नका, अँकर बोल्टच मारा. आमची गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या आधी दाराशी लागली, आत्या आली ती आधी त्या तुकतुकीत भागावरनं हात फिरवत उभी राहिली.

मशीनला पाचपैकी चार, डब्याला एक. नुसतं मशीन आणि शाफ्ट मिळत असेल तर तेच घ्या, बिट वेगळे. उरलेल्या तीनमधली एक फरशी आत्यानं मागितलीय, तिच्या घरासाठी.