चेकडिस्क अडकलंय: चालू ठेवायचं, की आधी डिस्कची प्रत काढायची?

४ टीबीच्या हार्ड डिस्कवर चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधला डिस्क तपासायचा प्रोग्राम, 'आर' लावून (खराब जागाही शोधायला सांगून) सोडलं आणि टक्केवारी २७ वर ठाण मांडून बसली, की मन दोन्हीकडे ओढ घेतं. इतकं थांबलोय तर आजची रात्र आणखी थांबू, असं एकीकडे. आत काहीतरी मरतंय आणि आपण नुसते बघत बसलोय, असं दुसरीकडे. गेल्या जुलैत मी दोन्ही करून पाहिलं. आधी तीन रात्री चेकडिस्क, मग वैतागून डीडीरेस्क्यू, म्हणजे आजारी डिस्कची प्रत काढणारा लिनक्सवरचा प्रोग्राम. तुम्ही याच पेचात असाल तर माझा अनुभव कामाला येईल. प्रत्येक डिस्क वेगळी मरते, तेव्हा हाही एकाच माणसाचा एकाच डिस्कचा अनुभव म्हणून वाचा.

मी चिपळूणला लग्नाचं शूटिंग करतो. डिस्क बाहेरून लावायची, ३.५ इंची, आणि तिच्यावर सहा लग्नसराईंचं कच्चं फुटेज. बॅकअप होता का, हे कृपया विचारू नका. बायकोचं विचारून झालंय.

निवड करण्याआधी स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते, आकडे बघा. या पाच मिनिटांत अर्धा निर्णय होतो. क्रमांक ५, १९७, १९८ (हे खराब सेक्टरचे, म्हणजे डिस्कवरच्या खराब छोट्या कप्प्यांचे) आणि १९९ (हा केबलवरच्या चुकांचा). १९९ वाढत असेल आणि बाकीचे शून्य असतील तर केबल बदला, बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं. बाकीचे तीन शून्य असतील आणि डिस्क नुसती 'इजेक्ट' न करता ओढून काढल्यावर रुसली असेल, तर बिघडलाय तो फाइलींचा हिशेब, चकती शाबूत आहे. तिथे 'एफ' लावलेलं, म्हणजे फक्त हिशेब दुरुस्त करणारं, चेकडिस्क काही मिनिटांत काम करतं आणि पुढचं काही वाचायची गरज नाही. पण १९७ समोर आकडा असेल, म्हणजे वाचता न आलेले आणि निकाल लागायचे राहिलेले सेक्टर असतील, तर पुढे वाचा. क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम स्मार्टचे हे आकडे मुळात सोळाच्या पायावर दाखवतं, त्यामुळे पहिल्यांदा फसायला होतं. माझ्याकडे '१बी८' दिसत होतं. ते म्हणजे ४४०.

आता चेकडिस्कची बाजू, प्रामाणिकपणे. ते घरचं आहे. काही उतरवून घ्यायचं नाही, दुसरी डिस्क विकत आणायची नाही, लिनक्स शिकायचं नाही. 'आर' लावलं की पाच टप्पे. पहिले तीन फाइलींच्या हिशेबाचे, चौथ्यात फाइलींनी व्यापलेली जागा वाचून बघायची, पाचव्यात रिकामी. डिस्क धडधाकट असेल आणि मजकूर दुसरीकडे सुरक्षित असेल, तर मी आजही तेच लावीन.

अडकण्याचं कारण चौथ्या टप्प्यात आहे. साधी डिस्क एखादा सेक्टर वाचता आला नाही तर सहज हार मानत नाही, पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. एकेका सेक्टरला १० सेकंद धरा. हल्लीच्या डिस्कचा सेक्टर ४०९६ बाइटचा, म्हणजे एका एमबीत २५६. पूर्ण खराब असलेला फक्त एक एमबी पार करायला जवळपास पाऊण तास. तेवढ्यात टक्केवारीचा काटा हलत नाही आणि 'उरलेला वेळ' मात्र कोकणातल्या पावसासारखा वाढत जातो. तेव्हा काटा हलत नाही म्हणजे चेकडिस्क मेलं असं नाही. ते चिवटपणे काम करत असतं. प्रश्न असा, की ते काम आपल्याला हवंय का?

कारण चेकडिस्कला काळजी व्हॉल्यूमची, म्हणजे डिस्कवरच्या एकूण मांडणीची आहे, तुमच्या फाइलींची नाही. एखादा तुकडा वाचता आला नाही की ते त्या फाइलीला दुसरा तुकडा जोडतं, खराब जागेची नोंद बॅडक्लस नावाच्या यादीत करतं आणि पुढे जातं. अनाथ तुकडे फाउंड.००० नावाच्या फोल्डरात. हे सगळं त्याच आजारी डिस्कवर लिहिलं जातं. मला हे आधी ठाऊक होतं, तरीही मी तेच लावलं. फुकट होतं ना!

तीन रात्रींनंतर मन वळलं ते मात्र या तत्त्वामुळे नाही. वळलं ते विजेमुळे.

लॅपटॉपला बॅटरी असते, ३.५ इंची डिस्कला नसते. तिचा अडॅप्टर भिंतीतल्या प्लगला. पहिल्या रात्री दोनच्या सुमाराला वीज गेली. लॅपटॉप निवांत चालू, डिस्क गप्प आणि काळ्या खिडकीत 'अनस्पेसिफाइड एरर', पुढे कंसात ७६६एफने सुरू होणारा लांबलचक आकडा. (रिकामपणी तो आकडा उलगडून पाहिला. दोन-दोन अंकांचं एकेक अक्षर केलं तर 'व्हॉल्यूम डॉट सी' असं निघतं. म्हणजे प्रोग्राम कुठल्या फाइलीत ठेचकाळला त्याचं नाव. माझ्या काही उपयोगाचं नाही.) अशा मधल्या थांबण्याने डिस्कची अवस्था होती त्याहून बिघडू नये, असं मायक्रोसॉफ्ट सांगतं आणि माझंही तसं काही बिघडलं नाही. पण वीज आल्यावर चेकडिस्क पुन्हा लावलं तर टप्पा पहिला, टक्के शून्य. दुसऱ्या रात्री ४१ टक्क्यांवर वीज गेली. पुन्हा शून्य. तिसऱ्या रात्री पाऊस कमी होता, म्हणून दोन तास जास्त चाललं, इतकंच. चेकडिस्कला आठवण नावाची गोष्ट नाही. आणि प्रत्येक नव्या फेरीत ते त्याच मरणाऱ्या डिस्कला पहिल्यापासून घासत होतं.

इन्व्हर्टर असलेल्यांना हा मुद्दा क्षुल्लक वाटेल. वाटू दे.

डीडीरेस्क्यूची मॅपफाइल ही गोष्ट मला त्यामुळेच एवढी आवडली. कुठला भाग वाचला, कुठला सोडला, कुठे अडखळलं, याची नोंद ते एका साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवतं आणि दर थोड्या वेळाने, ३० सेकंद ते ५ मिनिटांत, जतन करतं. नोटपॅडमध्येही उघडते. वाचलेल्या भागासमोर अधिक, खराबासमोर उणे, न बघितलेल्यासमोर प्रश्नचिन्ह. वीज गेली, आली, तीच आज्ञा पुन्हा दिली की जिथे सोडलं तिथून पुढे. माझ्या प्रतीला जवळपास दोन दिवस लागले. त्यात सहा वेळा वीज गेली आणि सहाही वेळा मी शांतपणे चहा प्यायलो.

दुसरी गोष्ट क्रमाची. ते अडलेल्या जागी डोकं आपटत बसत नाही. आधी उडी मारून पुढचं चांगलं ते सगळं उचलतं, मग मागे येऊन कडा कुरतडतं. डिस्क किती तास जगणार हे माहीत नसताना हाच क्रम मला शहाणपणाचा वाटतो. पहिली फेरी 'एन' लावून, म्हणजे कुरतडणं नंतरसाठी ठेवून. त्यानंतर 'डी' (थेट डिस्कवरून वाचण्यासाठी) आणि 'आर३' लावून उरलेल्यासाठी तीन प्रयत्न.

त्रास इथेही आहेत आणि कमी नाहीत. नवी डिस्क तेवढीच किंवा मोठी हवी, म्हणजे खिशाला हजारोंची चाट. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवायचं. मी सिस्टमरेस्क्यू नावाचं लिनक्स वापरलं, त्यात डीडीरेस्क्यू आधीच असतं. उबुंटूत घ्यायचं तर पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू. आणि सगळ्यात भीतीचं म्हणजे दोन डिस्कची अदलाबदल. आज्ञेत आधी आजारी डिस्क, मग नवी. उलट लिहिलंत तर कोरी डिस्क सहा वर्षांच्या लग्नांवर पसरेल आणि कोणी विचारणारही नाही. एलएसबीएलके ही जोडलेल्या डिस्कची यादी देणारी आज्ञा सिरियलचा रकाना मागून चालवा आणि दोघींचे सिरियल नंबर कागदावर लिहा. वीज जाऊन आल्यावर डिस्कचं अक्षर बदलू शकतं, 'बी' होती ती 'डी' होते, तेव्हा दर वेळी पुन्हा बघा.

माझी एक चूक सांगतो. पहिल्या दिवशी संध्याकाळी पुण्याच्या भाच्याचा फोन आला.

"मामा, मॅपफाइल कुठे ठेवलीयस?"

"तिथेच, होममध्ये."

"अरे, ते पेनड्राइव्हवरचं लिनक्स आहे. होम म्हणजे मेमरी. लॅपटॉप बंद पडला तर फाइल गेली."

वीज जाऊनही ती वाचत होती ती केवळ लॅपटॉपच्या बॅटरीमुळे. फोन चालू असतानाच ती दुसऱ्या पेनड्राइव्हवर हलवली. तुम्ही पहिल्यापासून तिथेच ठेवा.

वेळेचं म्हणाल तर दोन्हीकडे सारखंच रडगाणं. ४ टीबी सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने वाचली तरी साडेसात तास, तेही डिस्क ठणठणीत असेल तर. चुकून जुन्या यूएसबी २ च्या खाचेत लावलीत तर तीस तासांच्या वर. चेकडिस्क लावा की प्रत काढा, यूएसबी ३ ची निळी खाच शोधा.

डिस्क डब्यातून काढून सरळ साटाला, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कच्या जोडणीला, जोडावी का, असं काही जण विचारतात. वेग मिळतो आणि स्मार्टही नीट दिसतं. पण काही डब्यांतली चिप लिहिताना मजकूर कूटबद्ध करते, मग बाहेर काढलेली डिस्क नुसता गोंधळ दाखवते. मी काढली नाही. आणि डिस्क टकटक आवाज करत असेल तर हे दोन्ही उपाय विसरा, वीज काढा आणि मजकूर मोलाचा असेल तर रिकव्हरीवाल्याकडे जा. आमच्या इथल्या एका दुकानदाराने "फॉरमॅट मारून देतो, चालू होईल" असं सांगितलं होतं. चालू झाली असती, यात शंका नाही.

सुस्थितीतल्या डिस्कला, किंवा नुसत्या हिशेबाच्या गोंधळाला, चेकडिस्क पुरेसं आहे. त्यासाठी नवी डिस्क आणायला मी कोणाला सांगणार नाही. पण १९७ समोर आकडा असेल आणि मजकुराची दुसरी प्रत नसेल, तर मी आता एकदाही 'आर' लावणार नाही. तुमचं मत वेगळं असू शकतं, विशेषतः नव्या डिस्कची पावती बघितल्यावर.

माझी प्रत ९९.९९ टक्क्यांवर थांबली, दीड एमबीच्या आत काहीतरी राहून गेलं. मग मूळ डिस्क काढून ठेवली (दोन्ही एकदम लावल्या तर ओळख एकच असल्यामुळे विंडोज त्यातली एक ऑफलाइन करतं) आणि नव्या डिस्कवर चेकडिस्क चालवलं, नुसतं 'एफ' लावून. तीन रात्री जे शेवटाला गेलं नव्हतं ते चार मिनिटांत आटोपलं. फाउंड.००० मध्ये अकरा तुकडे निघाले. नंतर सगळ्या क्लिपा एकेक करून पाहिल्या, तेव्हा एका हळदीच्या क्लिपमध्ये दोन सेकंद नवरीच्या चेहऱ्यावर हिरवे चौकोन आले. त्या घरच्यांना अल्बम देऊन चार वर्षं झाली होती, म्हणून काही बोललो नाही.