बाराशेची मोबाइल टेली लेन्स: वापरून झाली, आता सांगते

माझ्या फोनला म्हणायला तीन कॅमेरे आहेत, एक वाइड, एक मॅक्रो नावाची शोभा आणि उरलेला एकच कामाचा, टेलिफोटो नाहीच. आणि मला फोटो काढायचे असतात ते बिल्डिंगवरच्या नावांचे, बाल्कनीच्या ग्रिलचे, दगडातल्या कोरीव कामाचे, म्हणजे नेमकं जे सगळं तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर असतं. दोन बोटांनी झूम केलं की अक्षरांचा शिरा होतो. म्हणून ही फोनच्या कॅमेऱ्यावर चिमट्याने लावायची, लांबचं दुप्पट जवळ दाखवणारी 2एक्स टेली लेन्स घेतली, बाराशे रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, तसंही डब्यावर एक आणि लेन्सवर दुसरंच छापलंय.

ट्रायलला रविवारी सकाळी मुंबईतलं ओव्हल मैदान. इथे एक गोष्ट आधीच सांगते कारण मी पहिल्यांदा उलटं केलं होतं, आर्ट डेको (1930च्या आसपासची, गोल कोपऱ्यांची शैली) बिल्डिंगा मैदानाच्या पश्चिमेला आहेत आणि त्यांची तोंडं पूर्वेला, म्हणजे सकाळचं ऊन थेट त्यांच्या अंगावर येतं. समोरचं हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर यांना दुपारनंतर गाठायचं. (दोन्ही बाजू मिळून 2018 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्यात, पण मैदानात क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना त्याचं काहीही पडलेलं नाही, बरोबरच आहे.) एम्प्रेस कोर्ट, रजब महल, कोर्ट व्ह्यू, प्रत्येकाच्या नावाची अक्षरं वेगळ्या वळणाची, खिडक्यांवर ते पातळ छज्जे भुवयांसारखे, कोपरे गोल. फुटपाथवरून मान वर करून काढलं की बिल्डिंग मागे पडल्यासारखी दिसते, मैदानात मागे जाऊन या लेन्समधून काढलं तर उभ्या रेषा बऱ्यापैकी उभ्या राहतात. माझ्यासाठी तर पैसे इथेच वसूल झाले. अडचण फक्त ताडांची, आणि एसीच्या डब्यांची, त्याला लेन्स काय करणार.

आता त्रास. फोनचं कव्हर काढल्याशिवाय क्लिप नीट बसत नाही, जरा तिरकी बसली की फोटोचे कोपरे काळे. ऑटो मॅक्रो (आपोआप मॅक्रो कॅमेरा लावणारी सेटिंग) बंद करून ठेवा, नाहीतर फोन मधेच दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतो आणि स्क्रीनवर क्लिपचाच काळा गोळा दिसतो. मधला भाग चांगला शार्प, कडा मात्र मऊ, त्यामुळे जे हवंय ते मधे ठेवायचं आणि नंतर क्रॉप करायचं. मागे उजळ आभाळ असेल तर कडेला जांभळी रेघ येते, इरॉस थिएटरच्या टोकाचा फोटो त्यातच वाया गेला. हात हलला तर संपलंच, मी झाडाला नाहीतर रेलिंगला टेकून काढते, लोक बघतात, बघू देत.

तिथून फोर्टात. एम.जी. रोडवरची न्यू इंडिया अश्युरन्सची बिल्डिंग, 1936 ची, तिच्यावर ना. ग. पानसऱ्यांची शिल्पं आहेत, शेतकरी, कुंभार, सूत कातणाऱ्या बाया. मी तिच्याखालून किती वर्षं गेलेय, कधी दिसलीच नव्हती!! समोरच्या फुटपाथवरून एकेक आकृती वेगळी कापून काढता आली, मागे आभाळ नाही म्हणून जांभळी रेघही नाही. वॉचमन विचारायला आला, त्याला स्क्रीनवर फोटो दाखवला तर तोही वर बघायला लागला.

शेवटी क्रॉफर्ड मार्केट, दारावरच्या कमानीतलं शिल्पकार लॉकवुड किपलिंगचं कोरीव काम. हे गृहस्थ 1865 मध्ये शेजारच्याच जे.जे. आर्ट स्कूलमध्ये शिकवायला आले होते. पण तोवर उन्हाची वेळ टळली होती, कमानीत सावली, आणि कमी उजेडात ही लेन्स साफ हात टेकते. सगळं दाणेदार आलं. हातगाडीवाले मागून ओरडत होते ते वेगळंच. तिकडे परत जायचंय, वेळ बघून.

प्रत्येक ट्रिपला न्यायची गरज नाही मात्र. पणजीला फोंतेन्हास या जुन्या वस्तीत घरांच्या टाइल्सवरच्या नावाच्या पाट्या, निळी नक्षी, सगळं डोळ्यासमोर असतं, तिथे ती बॅगेतून बाहेरच आली नाही. फोनला आधीच टेलिफोटो असेल तर ही अजिबात घेऊ नका.

पाचपैकी साडेतीन देते. क्लिपचा आतला रबर दोन महिन्यांत सैल झालाय, सध्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवून काम भागवतेय.